अपंगत्वाची परिभाषा, तीन भाषांच्या गावातून

बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरसारख्या गावात एकाच माणसाला अनेक नावे असतात. मराठी वर्तमानपत्रात तो ‘दिव्यांग’, कन्नड सरकारी परिपत्रकात ‘विकलचेतन’, उर्दू-दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी ‘माजूर’. गल्लीत मात्र लंगडा, थोटा, मुका किंवा येडा यांपैकी एखादे नाव त्याला केव्हाच चिकटलेले असते, आणि बहुतेक वेळा त्याखाली त्याचे खरे नाव बुजून गेलेले असते.

बीदर जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत त्याचे काही तालुके मराठवाड्याकडे आले आणि उरलेला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला. पूर्वी बसवकल्याण तालुक्यात असलेले आणि आता स्वतः तालुक्याचे ठिकाण झालेले हुलसूर या उरलेल्या भागात येते. इथे कचेरीची भाषा एक, घरची दुसरी आणि बाजारची कधी तिसरीच. अपंगत्वाच्या परिभाषेचा अभ्यास अशा गावातून सुरू करण्यात एक सोय आहे. एकाच भाषेत वावरणाऱ्याला तिथला शब्द स्वाभाविक, जवळजवळ अटळ वाटतो; शेजारच्या भाषेत त्याच माणसासाठी वेगळा शब्द ऐकला की, हा शब्द कधीतरी कोणीतरी निवडला होता, हे ध्यानात येते. तो कोणी निवडला आणि कशासाठी, हा या अभ्यासक्षेत्राचा पहिला प्रश्न.

मराठीपुरते पाहिले, तर शब्दांचे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत जुना थर लोकभाषेचा. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ किंवा ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ या म्हणी आपण अपंग माणसांविषयी वापरतच नाही. त्या दुसऱ्या कोणाच्या उणिवेवर बोट ठेवण्यासाठी असतात. एकनाथांच्या भारुडांतही आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही पात्रे येतात. तिथले आंधळेपण डोळ्यांचे नसून अज्ञानाचे आहे. भारुडाचे सामर्थ्य त्याने कमी होत नाही; पण अपंग शरीर म्हणजे कशाची तरी खूण, ही सवय किती जुनी आणि किती प्रतिष्ठित आहे, ते कळते.

दुसरा थर गौरवाचा. बालपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांना (1881–1915) महाराष्ट्राने ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले. त्यांच्या विद्वत्तेला ते शोभलेही. 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवलेला ‘दिव्यांग’ याच वाटेने आला, आणि महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला तेव्हा तो कारभारात पक्का रुजला. अनेकांना तो आपुलकीचा वाटतो. अपंगांच्या काही संघटनांनी मात्र सुरुवातीलाच हरकत घेतली. आम्हाला रॅम्प हवा, स्वच्छतागृह हवे, नोकरी हवी. दिव्यत्व कोणी मागितले, असा त्यांचा रोख होता. हिणवणारा शब्द माणसाला खाली ढकलतो, गौरवणारा वर उचलतो, आणि दोन्ही वेळा शेजारी बसायची जागा रिकामीच राहते.

तिसरा थर कायद्याचा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग-हक्क करारनाम्यावर भारताने 2007 मध्ये शिक्कामोर्तब केले आणि त्याला अनुसरून 2016 चा कायदा आला. त्यात 21 प्रकार आहेत. ‘मतिमंद’ या जुन्या संज्ञेची जागा बौद्धिक अक्षमतेने घेतली. स्वमग्नता (ऑटिझम) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र स्थान मिळाले. हे शब्द रुक्ष आहेत, पण त्यांना हसू नये. आरक्षणासारख्या हक्कासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के अपंगत्व लिहिलेले असावे लागते, आणि तिथे नेमका शब्द नसेल तर दार उघडत नाही.

कायद्याच्या मागे एक वैचारिक उलथापालथ आहे. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी 1976 मध्ये शरीरातली उणीव आणि समाजाने उभा केलेला अडथळा यांची फारकत केली. पुढे माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ असे नाव दिले. पाय चालत नाहीत ही एक गोष्ट, कचेरीला पायऱ्याच आहेत ही दुसरी. मराठीत ‘अपंगत्व’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, म्हणून वाचताना प्रत्येक वेळी विचारावे: इथे शरीराबद्दल बोलणे चालले आहे की पायऱ्यांबद्दल?

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा याच विचाराचा पुढचा टप्पा. 1990 च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतल्या चर्चेतून ही कल्पना आकाराला आली. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियातील जूडी सिंगर यांच्या प्रबंधात आणि अमेरिकेतील हार्वे ब्लूम यांच्या लेखात तो शब्द दिसतो. मेंदूच्या घडणीतले वेगळेपण हा नेहमी बिघाडच असतो असे नाही, ते मानवी वैविध्यही असते, हा त्याचा गाभा. त्याची व्याप्ती कायद्याच्या यादीपेक्षा मोठी आहे: एडीएचडी (अवधानाचा अभाव व अतिचंचलता) तिच्यात येते, 21 प्रकारांत मात्र तिला स्वतंत्र नोंद नाही. या विचाराचे अनेक लोक ‘मला ऑटिझम आहे’ असे न म्हणता ‘मी ऑटिस्टिक आहे’ असे ठामपणे म्हणतात. कित्येक बधिर लोकांनाही ‘बधिर’ ही उणीव वाटत नाही. ती त्यांना सांकेतिक भाषा बोलणाऱ्या समाजाची ओळख वाटते.

इथे इंग्रजीतला एक वाद जसाच्या तसा उचलू नये. ‘आधी व्यक्ती, मग अपंगत्व’ हा तिथला आग्रह शब्दक्रमावर उभा आहे. मराठीत ‘अपंग व्यक्ती’ म्हणा की ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’, विशेषण आधीच येणार. मराठीत मान-अपमान ठरतो तो दुसऱ्या जागी: ‘तो’ की ‘ते’, ‘वेडा’ की ‘येडं’, आणि विशेषणाचेच नाम करून हाक मारली की नाही, यांवर. शिवाय मराठीकडे एक साधी, जुनी रचना आहे: ‘त्यांना दिसत नाही’, ‘तिला ऐकू येत नाही’. इथे माणसावर शिक्का बसत नाही. काय घडते किंवा घडत नाही, एवढेच सांगितले जाते. कन्नडमधले ‘अवरिगे कण्णु काणिसुवुदिल्ल’ आणि दखनीतले ‘उनकू दिखता नहीं’ हे याच घडणीचे. भाषाशास्त्रज्ञ गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास करून मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी राहून वाक्यरचनेत किती जवळ आल्या, हे दाखवले होते. सरकारी नामे तीन तऱ्हेची असली, तरी रोजच्या बोलण्याचा हा नितळ धागा सीमाभागात सामायिक आहे.

सीमाभागाचा एक गंभीर प्रश्नही याच विषयात येतो. घरी मराठी बोलणारे मूल कन्नड शाळेत वाचताना अडखळले, तर ती डिस्लेक्सिया की केवळ परकी भाषा? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नडमध्ये आहे, हे इथे मोलाचे ठरते. एकाच भाषेत तपासून मुलाला संज्ञा चिकटवली, तर ती शास्त्रीय वाटेल आणि तरीही चुकीची असू शकेल.

नव्या वाचकाने सुरुवात कशी करावी? शुद्ध शब्दांची यादी पाठ करून नव्हे. अशा याद्या दर दहा-वीस वर्षांनी बदलतात. अर्ज भरताना कायद्याचा शब्द वापरावा, कारण हक्क त्यावर अडलेला असतो. माणसाविषयी बोलताना त्याने स्वतःसाठी निवडलेला शब्द घ्यावा, तो आपल्याला रुचला नाही तरी. तो ठाऊक नसेल तर विचारावे, आणि तोवर नावाने हाक मारावी. या क्षेत्रात आजवरचे बरेच लेखन डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी केले आहे. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’सारखे, अपंग व्यक्तीने स्वतः लिहिलेले मराठी पुस्तक त्यामुळेच आधी वाचावे, परिभाषाकोश त्यानंतर.