दारू बंद झाली, मग शाळा कोण चालवणार?

नागपूरजवळच्या कन्हान स्टेशनवर तुम्ही उतरता ते 1921 च्या चैत्रात. ऊन डोक्यावर आलंय आणि हवेत मोहाचा गोडसर, किंचित आंबूस वास भरलाय. यार्डात मनसरच्या खाणींतलं मँगनीज भरलेल्या वाघिणी उभ्या आहेत. हा काळा दगड मुंबईच्या बंदरातून विलायतेला जातो, काही अमेरिकेलाही, कारण पोलादाच्या भट्ट्यांचं त्याच्यावाचून चालत नाही. अमेरिकेतल्या भट्टीपुढचा मजूर गेल्या वर्षीच्या 17 जानेवारीपासून कायद्याने कोरडा झालाय. इथला मजूर मात्र मजुरीचे पैसे धोतराच्या सोग्याला बांधून दगडी पुलावरून कामठीकडे निघालाय. त्याच्या मागोमाग चला.

कामठीची छावणी 1821 ची. गोऱ्या शिपायांची तहान कँटीन भागवतं आणि मजुराची तहान भागवायला सरकारमान्य दुकान आहे. दुकानाचा लिलाव सरकार करतं, सगळ्यात मोठी बोली बोलणाऱ्याला गल्ला मिळतो, आणि बोलीचे पैसे वसूल करायचे म्हणून तो जास्तीत जास्त पाजतो. रस्त्याच्या पलीकडे एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी आहे. "अवो, जवारीपुरते तरी द्या न जी," एवढंच ती म्हणते. तो थांबत नाही.

नागपुरात याच दिवसांत तरुण पोरं दारूच्या दुकानांपुढे उभी राहून गिऱ्हाइकांना हात जोडताहेत. डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसने असहकार मंजूर केला, त्याचा हा भाग. अमेरिकेतला दारूबंदीचा प्रचारक 'पुसीफूट' जॉन्सन याच वर्षी हिंदुस्थानभर फिरतो. त्या बाईला यातलं काही ठाऊक नाही. पण दोन्ही देशांत ज्यासाठी लोक उठले ते तिचंच मागणं होतं: मजुरी घरापर्यंत पोचू द्या.

आता मजुराच्या हातातल्या नाण्याकडे पाहा. त्यातला एक हिस्सा गल्ल्यातून सरकारच्या तिजोरीत जाईल. 1919 च्या सुधारणांनी प्रांतात जी खाती हिंदी मंत्र्यांकडे दिली त्यांत ही दोन आहेत, अबकारी आणि शिक्षण. म्हणजे दारूतून पैसा आणायचा आणि शाळेवर घालायचा. दुकान बंद करा म्हणणाऱ्याला लगेच उलटा प्रश्न येतो, मग मास्तरचा पगार कुठून देऊ? पुढच्या शंभर वर्षांत जिथे जिथे दारू बंद झाली तिथे हा प्रश्न वाट अडवून बसलेला मला दिसतो. म्हणून या प्रवासात बाटलीपेक्षा पैशाच्या मागावर राहा.

1926 चा शिकागो. अमेरिकेच्या सुधारकांनी पैशाचा विचार आधी केला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दारूवरचा कर हा केंद्र सरकारचा मोठा आधार होता. 1913 साली घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आला आणि दारूवाचून सरकार चालू शकतं अशी खात्री त्यांना वाटू लागली. पण कर गेला तरी धंदा गेला नाही, तो रस्ता ओलांडून अल कपोनच्या हाती पडला. बीअरचे कारखाने बंद झाले, पिंपं बांधणारे आणि गाडीवान बेकार झाले. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधांच्या दुकानात व्हिस्की मिळते, म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत तो घरी निवांत पितो. गरीब माणूस तळघरातलं काहीही पितो. कारखान्यांसाठीचं अल्कोहोल पिण्यात जाऊ नये म्हणून सरकारच त्यात विषारी द्रव्यं मिसळायला लावतं. ते पिऊन या नाताळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात माणसं मेली. कायदा पाळला जावा म्हणून माणसं मरू देणारं सरकार मला क्षम्य वाटत नाही, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

मग मंदी आली. पगार गेले, नफे गेले, त्यांच्यावरचा प्राप्तिकर आटला. एप्रिल 1933 मध्ये हलकी बीअर सुटली आणि 5 डिसेंबर 1933 ला बंदीच उठली. तेरा वर्षांत अमेरिकेची नीती बदलली नव्हती, तिजोरी बदलली होती.

ऑक्टोबर 1937. आता घराजवळ या, वर्ध्याला. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आहेत आणि दारूबंदीचं वचन पाळायची वेळ आली आहे. मंत्री हिशोब घेऊन गांधींपुढे बसतात. दारू बंद केली तर शाळा बंद पडतील. गांधींना ही अट मान्य नाही, बापाच्या व्यसनावर लेकराचं शिक्षण चालावं याची त्यांना लाज वाटते. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हस्तव्यवसायातून शिकवणारी आणि आपला खर्च आपण काढणारी शाळा. 22 आणि 23 तारखेला वर्ध्यात परिषद भरते, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाते. पुढे नई तालीम म्हणून देशभर गेलेल्या विचाराचं एक मूळ अबकारीच्या या हिशोबात आहे. आपल्याकडे नई तालीमवर पुष्कळ बोलतात, हे मूळ मात्र क्वचितच कुणी सांगतं. याच सुमारास नागपुरात रविशंकर शुक्ल विद्यामंदिर योजना मांडतात. लोकांनी जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवायची. 1938 साली मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा होतो.

मुंबई प्रांतानेही आपली वाट शोधली. 1 ऑगस्ट 1939 ला शहरात बंदी आणली आणि तूट भरायला घरांवर दहा टक्के कर लावला. आरडाओरड खूप झाली. तरी मला अबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांचा हा मार्ग प्रामाणिक वाटतो. समाजाला दारू नको असेल तर तिची किंमत समाजानेच मोजावी. नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सगळंच अर्ध्यावर राहिलं.

1960 ची एक रात्र, पुन्हा कन्हानच्या काठी. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा गेल्या वर्षी विदर्भाला लागू झालाय. लिलावाचं दुकान गेलं. झाडीत मात्र जाळ दिसतोय. मातीच्या मडक्यांत मोहाचा सडवा आंबलाय, त्यात गूळ आणि नवसागर पडलाय. थेंब थेंब उतरणारी दारू ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून पहाटेच्या आत वस्तीत पोचवायची आहे. भट्टी लावणारी बाई विधवा आहे. पकडली गेली तर तुरुंगात ती जाईल, तिच्याकडून माल उचलणारा जाणार नाही. ठाण्याचा हप्ता ठरलेला आहे. पूर्वी सरकारला मिळायचा तो पैसा आता कुठल्याच वहीत दिसत नाही, त्यातून शाळा चालत नाही आणि दवाखानाही चालत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये परमिट दाखवलं की बाटली रीतसर मिळते. अखेर राज्यच मागे सरतं, आणि 1973 च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं उघडतात. शेजारचा वर्धा जिल्हा मात्र गांधींच्या नावाने कोरडा राहतो.

डिसेंबर 2010. नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे आणि चिमूरहून निघालेल्या हजारो बाया पायी चालत येऊन शहरात शिरताहेत. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारचा हा मोर्चा, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी मागणारा. शेजारच्या गडचिरोलीने अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकारातून 1993 साली ती मिळवली होती. रांगेतल्या एकीला विचारा, घरी किती येतं? ती म्हणते, "येते न जी, बाटली येते." पाय सुजलेत, पण ती थांबत नाही.

1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर कोरडं होतं. यासाठी आग्रह धरणारे सुधीर मुनगंटीवार तेव्हा राज्याचे अर्थमंत्री आहेत, म्हणजे ज्यांच्या खात्याचं उत्पन्न घटणार तेच बंदी मागत होते. मोठी गोष्ट होती ती. सुरुवातीला अनेक गावांतून बायांनी सांगितलं की घरात मार कमी झाला, किराणा भरला जाऊ लागला. मग रस्ते जागे झाले. नागपूर आणि यवतमाळकडून गाड्या येऊ लागल्या. पव्वा दुप्पट-तिप्पट भावाने जाऊ लागला आणि पिणाऱ्याच्या घरातून पूर्वीपेक्षा जास्त पैसा बाहेर पडू लागला. शाळा सुटलेली पोरं गाडीवर माल पोचवू लागली, त्यांना एका फेरीत बापाच्या आठवड्याइतकी कमाई. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला त्या गाडीखाली चिरडलं गेलं. बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, हे कारण दिलं गेलं आणि ते खरंच होतं. करोनाने तिजोरी रिकामी झाली होती, हेही तितकंच खरं. शिकागोतलं 1933 चं गणित चंद्रपुरात पुन्हा मांडलं गेलं.

सहा वर्षांत चंद्रपूरला पोलीस पुरेसे मिळाले नाहीत, व्यसनमुक्तीची केंद्रंही पुरेशी मिळाली नाहीत, परवाना गेलेल्या बारमधल्या वेटरला दुसरं काम मिळालं नाही. पिणारा आजारी आहे असं धरून त्याच्यावर खर्च करायला कुणी तयार नव्हतं. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ'ने गावसमित्या आणि उपचार यांची जोड दिली, ती चंद्रपूरला हवी होती. मोर्च्यातल्या बायांची मागणी चुकीची नव्हती, तिला लागणारा पैसा आणि माणसं राज्याने दिली नाहीत.

एक मुक्काम उरलाय. त्यासाठी थोडं मागे, 2012 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही एका गावात, जिथे दारूच्या दुकानावर मतदान आहे. चिठ्ठीवर दोन चित्रं आहेत, उभी बाटली आणि आडवी बाटली. 2008 च्या आदेशाने हा हक्क बायांना दिला. पण अट अशी की यादीतल्या एकूण मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आज निंदणीचे दिवस आहेत आणि मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं तर रात्रीचा स्वयंपाक कशावर करायचा, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. आमदाराला जिंकायला झालेल्या मतांत सगळ्यांपेक्षा जास्त मतं पुरतात, मग दुकान बंद करायला बायांकडून एवढं जास्त का मागायचं? असं मतदान भरपगारी सुट्टीच्या दिवशी घ्यावं, झालेल्या मतांचं बहुमत धरावं, आणि दुकान बंद झालं तर बुडणाऱ्या महसुलाची तरतूद त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत छापावी.