गहू : वाणवैविध्य (महाराष्ट्र)

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा उल्हास खोऱ्यातला पट्टा भाताचा. इथे गहू दिसतो तो गिरणीत. पिठाच्या गिरणीत 'लोकवन' म्हणून दळायला येणारा गहू म्हणजे गुजरातेतील सणोसरा येथे निवडलेला 'लोक-१'. बाजारातले नाव आणि वाण यांची अशी सांगड दर वेळी बसेलच असे नाही.

राज्यात गव्हाच्या तीन जाती पिकतात : सरबती, बन्सी आणि खपली. सरबती गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, बन्सी व खपलीत २८. चपातीची कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे. पावाला लागणाऱ्या ताकदवान ग्लुटेनची महत्त्वाची जनुके 'डी' जनुकसंचात असतात आणि तो संच बन्सी-खपलीत नाहीच. म्हणून बन्सीचा रवा, शेवया, खपलीची खीर. खपलीचे टरफल मळणीतही दाण्याला चिकटून राहते, ते वेगळे काढावे लागते.

हरितक्रांतीत जपानी 'नोरिन-१०' मधली बुटकेपणाची जनुके आली. ताट लोळेनासे झाले, खत पचू लागले, उतारा वाढला. उंच गावरान वाण मात्र मागे पडले. उतारा वाढला की प्रथिनांचे प्रमाण बहुधा घटते, हा पैदासकाराचा जुना पेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या 'एमएसीएस ४०२८' या बन्सी वाणात प्रथिने सुमारे १४.७ टक्के आहेत. बुटकी खपली 'एमएसीएस २९७१' तिथलीच. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने 'त्र्यंबक', 'तपोवन', 'गोदावरी' हे वाण दिले. महाराष्ट्रात थंडी आखूड. दाणा भरताना ऊन तापले की तो सुरकुततो. त्यामुळे लवकर येणे हा इथे उताऱ्याइतकाच मोलाचा गुण ठरतो.