आरसा गेला, लेन्स परतली

१९८७ साली कॅननने ईओएस कॅमेरा आणला आणि १९७१ पासून चालत आलेल्या एफडी लेन्स एका फटक्यात पोरक्या झाल्या. बिघडल्या नव्हत्या हो! नडले ते अंतर. एफडी लेन्स फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायची. ईओएसमध्ये ते अंतर ४४ झाले. या दोन मिलिमीटरांपायी लांबचा डोंगर धूसर दिसू लागला. मध्ये काच घातलेले कडे मिळायचे, पण त्यातून चित्राची प्रत उतरायची. निकॉनने १९५९चा एफ माउंट जपला, त्या लोकांचे नशीब थोर.

डिजिटल एसएलआर आले तरी आतला आरसा तसाच, म्हणून अंतरही तेच. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ने आरसाच काढून टाकला. अंतर २० मिलिमीटरांच्या आत आले. उरलेल्या जागेत नुसते पोकळ कडे बसवले की काम झाले!

सेन्सर मात्र फिल्मच्या निम्म्या रुंदीचा. माझ्याकडे आहे तशी ५०ची एफडी त्यावर १००सारखी वागते. फोकस हाताने, अॅपर्चरही हाताने. मला त्यातच मजा वाटते. पूर्ण चौकटीचा, बिनआरशाचा ईओएस आर कॅननने २०१८ साली काढला. म्हणजे कॅननच्याच लेन्सला कॅननच्याच कॅमेऱ्यातून पुन्हा काठोकाठ पाहायला ३१ वर्षे लागली.