कर्जतडजोड मंडळे
कर्जतडजोड मंडळे : शेतकरी ऋणको व त्याचे धनको यांना एकत्र बसवून जुन्या कर्जाची देय रक्कम आणि तिचे हप्ते परस्परसंमतीने ठरवून देणारी निमन्यायिक मंडळे. मध्य प्रांताच्या १९३३ च्या कर्जतडजोड अधिनियमान्वये ती स्थापन झाली. त्या वेळचा चांदा जिल्हा याच प्रांतात मोडत असे. आजच्या चंद्रपूर (नामांतर १९६४) व गडचिरोली (निर्मिती १९८२) जिल्ह्यांचा बहुतेक प्रदेश त्यात होता. राजुऱ्याकडील मुलूख मात्र हैदराबाद संस्थानात होता.

पूर्वपीठिका : थकलेले व्याज मुदलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू विधीत जुना आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतरच्या १८७९ च्या दक्षिणी शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयांना कर्जरोख्यामागील मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला व दाव्यापूर्वी समेट घडविण्यासाठी तडजोडकर्ते नेमण्याची तरतूद केली. हा कायदा मुंबई इलाख्याचा असल्याने चांद्यास त्याचा लाभ नव्हता.

चांदा जिल्ह्याच्या पूर्व भागात धान, तर वरोरा भागात ज्वारी व कापूस ही मुख्य पिके. मालगुजार हाच पुष्कळदा सावकारही असे. बियाण्याचे धान सवाईने वा दिडीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट परतफेडीच्या बोलीवर मिळे; बाकी राहिल्यास ती पुढील वर्षाच्या मुदलात मिळविली जाई. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले; रोख कर्जाचा आकडा मात्र कायम राहिला. तेच कर्ज फेडण्यास जवळजवळ दुप्पट माल विकणे प्राप्त झाले. सावकाराचीही कोंडी झाली. हुकूमनामा मिळविला, तरी जप्तीच्या मालास गिऱ्हाईक नव्हते आणि कुळवहिवाटीच्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध होते. बुडीत रकमेपेक्षा कमी पण निश्चित रक्कम बरी, हा विचार त्यामुळे उभयपक्षी रुजू शकला.

कार्यपद्धती : ऋणको किंवा धनको यांपैकी कोणासही मंडळाकडे अर्ज करता येई. मंडळ सर्व धनकोंना आपापल्या येण्याचे तपशील व कागदपत्रे सादर करण्यास फर्मावी. एकूण कर्जाच्या किमान ४० टक्के रकमेचे धनको तडजोडीस राजी झाले, तर करार लेखी होऊन नोंदविला जाई व त्यास हुकूमनाम्याचे बळ मिळे. वाजवी देकार नाकारणाऱ्या धनकोस सक्ती नव्हती. परंतु तसा दाखला मंडळाने ऋणकोस दिल्यास, त्या धनकोस पुढे न्यायालयात दाव्याचा खर्च मिळत नसे व व्याजाच्या दरावरही मर्यादा येई. म्हणजे संमती ऐच्छिक असली, तरी नकार महाग पडावा, अशी ही योजना होती. पंजाब (१९३४), बंगाल (१९३५) व मद्रास (१९३६) या प्रांतांनी याच धर्तीचे कायदे केले.

वसुलीच्या रीतींवरही निर्बंध आले. १९३७ च्या ऋणको संरक्षण अधिनियमाने वसुलीसाठी ऋणकोस धमकावणे, त्याचा सतत पाठलाग करणे किंवा त्याच्या घराभोवती रेंगाळणे हे गुन्हे ठरविले. पुढे १९३९ च्या कर्जनिवारण अधिनियमाने मंडळांची जागा कर्जनिवारण न्यायालयांना दिली. ही न्यायालये संमतीची वाट न पाहता कर्ज कमी करू शकत. कर्ज जितके जुने, तितकी मुदलातील सूट अधिक असे.

मर्यादा : जुने कर्ज मिटले, तरी पुढील हंगामाच्या बियाण्याची सोय होत नसे. तडजोडीत रक्कम सोडलेला सावकार त्याच कुळास पुन्हा कर्ज देण्यास कचरे आणि त्याची जागा घेण्याइतक्या सहकारी पतपेढ्या सबळ नव्हत्या. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत (१९५१–५२) शेतकऱ्यांच्या कर्जउचलीत सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के आढळला. देणे फेडण्याची वाट कायद्याने दाखविली; गमावलेली पत परत मिळविण्याची वाट मात्र त्यात नव्हती.

उत्तरकाल : मुंबई सावकारी अधिनियम (१९४६), महाराष्ट्र कर्जनिवारण अधिनियम (१९७५) व महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम (२०१४) हे या परंपरेतील पुढील टप्पे होत. दरम्यान ऋणकोचे स्वरूपही पालटले. चंद्रपूरजवळील ऊर्जानगर ही औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. अशा पगारदार वस्तीत कर्जाचे तारण पुष्कळदा जमीन नसून मासिक वेतन असते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सामान्य हुकूमनाम्याच्या वसुलीत वेतनातील पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून वगळलेला आहे.

समेटाचे कार्य विधिसेवा प्राधिकरण अधिनियमान्वये (१९८७) लोकअदालतींकडेही आले असून त्यांचा निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील चालत नाही. पतमाहितीच्या नोंदी २००५ च्या पतमाहिती कंपन्या अधिनियमाखाली ठेवल्या जातात. पूर्ण फेडीने बंद झालेले खाते व सवलतीने मिटविलेले खाते यांत या नोंदी भेद करतात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकान्वये अशा तडजोडीनंतर त्याच ऋणकोस नवे कर्ज देण्यापूर्वी, शेतीकर्ज वगळता, किमान १२ महिन्यांचे अंतर विहित केले. म्हणून तडजोडीतील रक्कम व हप्ते यांबरोबरच खात्याची नोंद कशी होईल, हेही करारापूर्वी लेखी ठरविणे ऋणकोच्या हिताचे असते.