वत्सगुल्म ते कारंजा : एका दिवसात सोळाशे वर्षे

रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांची एक दिवसाची सहल काढायची, हे सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाले. कुठे जायचे यावर मात्र तासभर गेला. नावे आली ती शेगाव, माहूर आणि लोणार. तिन्ही ठिकाणे चांगलीच, पण तिन्ही आपल्या जिल्ह्याबाहेरची. आपली सोसायटी बहुतेक नोकरीवाल्यांची. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून निघून वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला, नवीन कचेऱ्या उघडल्या, बदलीवर माणसे आली आणि प्लॉट घेऊन इथेच राहिली. पंचवीस वर्षे राहूनही "इथं पाहण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न आपल्यात अजून विचारला जातो. पुण्याला शिकायला गेलेली आपली मुले गाव विचारल्यावर "अकोल्याजवळ" म्हणून मोकळी होतात. 2018 साली सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, त्यातही आपले नाव आले. मग तर बोलायलाच नको.

म्हणून मी सुचवले की, जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही आणि सकाळी सातला निघून रात्री नऊला परत यायचे. वाटेत माहिती सांगायचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले. शाळेत इतिहास शिकवल्याची ही शिक्षा. बसमध्ये जे सांगितले ते लिहून द्या, असे स्मरणिका समितीने म्हटले, म्हणून हा लेख.

पहिला थांबा आपल्याच गावात, पद्मतीर्थावर. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपाला देव गोळा झाले म्हणून हे नाव, अशी स्थानिक कथा आपण ऐकतो. कामसूत्रावरच्या 'जयमंगला' टीकेत दुसरीच हकीकत आहे. दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र होते, त्यांनी वसवलेले ते वत्सगुल्म. खरे कोणते, यात मी पडत नाही. नाव जुने आहे आणि दूरवर माहीत होते, एवढे पुरे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्याने लंकेपासून उज्जैनवरून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावे सांगितली आहेत, त्यांत वात्स्यगुल्म आहे. आपल्या मध्यमेश्वराच्या मंदिराचे नाव याच रेषेशी जोडले जाते. आजच्या नकाशात उज्जैन 75.8 रेखांशावर आणि वाशिम 77.1 वर आहे, म्हणजे साधारण सव्वा अंशाचा फरक. घड्याळ नसताना केलेल्या हिशेबाला हा फरक माफ करायला हरकत नाही.

या गावाचा खरा दरारा होता तो वाकाटकांच्या काळात. वाकाटक सम्राट पहिल्या प्रवरसेनानंतर राज्य वाटले गेले. एक शाखा नागपूरकडे नंदिवर्धनला राहिली, दुसरी त्याचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला स्थापन केली. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला हा काळ. आणि गंमत अशी की 1939 पर्यंत ही शाखा इतिहासाला धड माहीतच नव्हती. त्या वर्षी वाशिममध्ये सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांची वंशावळ कोरलेली आहे, पण ती झिजलेली. त्यातले एक नाव आधीच्या विद्वानांनी भलतेच वाचले होते. वाशिमचा ताम्रपट हाती आल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पुन्हा वाचले, तेव्हा तिथे सर्वसेन निघाला. अजिंठ्याच्या भिंतीवरचे कोडे आपल्या गावच्या तांब्याच्या पत्र्यांनी सुटले, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही.

ताम्रपटात काय आहे, ते पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून सांगितले. राजाने आपल्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी नांदिकड म्हणजे नांदेडच्या बाजूचे आकासपद्द नावाचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले. वंशावळ संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. मान राखायला संस्कृत, कामाचे बोलायला लोकांची भाषा. आपले सरकारी परिपत्रक आणि कचेरीतले बोलणे यांत हाच फरक असतो, असे मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणाले, ते अगदी बरोबर.

पण मला स्वतःला त्यातली सवलतींची यादी फार मोलाची वाटते. या गावात शिपाई शिरणार नाहीत. मिठासाठी खणायचे नाही. फुले आणि दूध उचलायचे नाही. पाळीपाळीने बैल मागायचे नाहीत. कातडी, कोळसा घ्यायचा नाही. आलेल्या अंमलदाराला खाट पुरवायची सक्ती नाही. आता उलट विचार करा. ज्या गावांना असा ताम्रपट मिळाला नव्हता, त्यांना हे सगळे द्यावे लागत होते. राजाच्या दानपत्रातच सामान्य गावाच्या जाचाची यादी आली आहे. आणि खाटेला त्या प्राकृतातला शब्द 'खट्टा'. आपल्या एका आजींनी ऐकल्याबरोबर "अवं, मंग खाटच की ते!" म्हटले. तीच ती.

सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य पुढच्या संस्कृत पंडितांनी वाखाणले आहे. काव्य हरवले, नंतरच्या ग्रंथांत दिलेले उतारे तेवढे उरले. दहाव्या शतकातला राजशेखर तर सांगतो की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात लागले. इथल्या रचनेच्या धाटणीला 'वच्छोमी' असे गावाच्याच नावाने ओळखत. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच दिवशी प्राकृतालाही. त्या आनंदात आपल्या गावाचे नाव कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. घ्यायला हवे होते.

पद्मतीर्थाजवळचे बालाजी मंदिर आपण नेहमीच पाहतो, म्हणून तिथे दर्शन आणि चहा एवढेच केले. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधले. मूर्ती मोगलाईच्या धास्तीने पुरून ठेवल्या होत्या आणि एका घोडेस्वाराने सहज काठीने माती उकरली तेव्हा एका मूर्तीचे बोट दिसले, अशी कथा सांगतात.

तिथून हिस्से-बोराळा. इथे बस थांबवली तेव्हा ड्रायव्हरनेच विचारले, "सर, इथं पाह्याले काय हाय?" देऊळ नाही, किल्ला नाही, शेते आणि उतरती जमीन. पण या गावी सापडलेला शिलालेख सांगतो की, वाकाटक राजा देवसेनाचा स्वामिल्लदेव नावाचा अधिकारी होता, त्याने एक तलाव बांधला आणि त्याला 'सुदर्शन' नाव दिले. साल शक 380, म्हणजे इसवी सन 458. वाकाटक राजे लेखात आपल्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजत. शकाचा आकडा दिलेला त्यांच्या काळचा लेख हाच. साऱ्या घराण्याचा कालक्रम लावताना अभ्यासकांना पाय टेकायला घट्ट जमीन मिळाली ती या बोराळ्याच्या दगडाने.

सुदर्शन हे नाव मला वर्षानुवर्षे खुणावते. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी बांधलेला, शक 72 मध्ये रुद्रदामनाने दुरुस्त केलेला. स्कंदगुप्ताच्या काळात, सन 455 च्या सुमारास, अतिवृष्टीने तो पुन्हा फुटला आणि वर्षभरात पुन्हा बांधला गेला. त्यानंतर दोन वर्षांनी बोराळ्याचा लेख. गिरनारची बातमी वत्सगुल्मात पोचली होती काय? व्यापारी, यात्रेकरू सतत ये-जा करत, तेव्हा पोचली असणार असा माझा अंदाज. आपल्या कामाला त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या तलावाचे नाव द्यावे, असे एका अधिकाऱ्याला वाटले, यात मला तरी काही नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की अजिंठ्याची लेणी कोरणाऱ्या पिढीच्या आधीच्या पिढीने आपल्याकडे पाणी अडवले होते आणि त्याची तारीख लिहून ठेवली होती. देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले. लेणे बघायला जग येते, तलावाच्या जागी आपण उभे होतो सत्तेचाळीस माणसे.

आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येते ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना पाठ आहे. सोसायटीची पहिली बोअर आटली, दुसरी उन्हाळ्यात दम टाकते आणि एकबुर्जी भरला की नाही हे आपण पावसाळाभर पेपरात बघतो. बांधावर उभे राहून आपल्या सेक्रेटरींनी छतावरच्या पावसाच्या पाण्याचा विषय काढला. तो विषय तीन सभांत बाजूला पडला होता. तिथे मात्र वीस मिनिटे चर्चा झाली, आकडेमोड झाली आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिला घ्यायचे ठरले. बायका म्हणाल्या, इतकं लवकर तर हॉलमध्ये कधीच ठरलं नाही.

दुपारी शिरपूर. रोडगे आणि वांग्याची भाजी तिथेच झाली. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, ही या क्षेत्राची ख्याती. एलिचपूरच्या राजाचा कुष्ठरोग इथल्या पाण्याने गेला, त्याने मूर्ती गाडीतून न्यायला घेतली, मागे वळून पाहू नकोस अशी अट होती, त्याने पाहिले आणि मूर्ती तिथेच थांबली, अशी कथा. पूर्वी खालून घोडेस्वार जाई, असेही सांगतात. गावाबाहेरचे जुने दगडी पवळी मंदिर कथेशिवायही बघण्यासारखे आहे. कोरीव दरवाजा जवळून पाहावा.

शिरपूरचा अलीकडचा इतिहास मात्र कथेपेक्षा कठीण. पूजेच्या हक्कावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात वाद. 1905 मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तरी वाद मिटला नाही, 1929 ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1981 पासून मंदिर बंद झाले. लोक एका लहान झरोक्यातून दर्शन घेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये दार उघडले. बेचाळीस वर्षे. आमच्या बसमध्ये एक जैन कुटुंब होते. त्यातल्या काकूंनी लग्न होऊन या भागात आल्यापासून झरोक्यातूनच देव पाहिला होता. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बसला उशीर होतो म्हणून कोणी हाक मारली नाही. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे ठरवणारे आपण नव्हे. पण बंद दाराने कोणाचेच भले झाले नाही, हे मत मी लपवत नाही.

मंगरूळपीरला वेळ नव्हता. गावाच्या नावातला पीर म्हणजे हजरत दादा हयात कलंदर, एवढे धावत्या बसमध्ये सांगितले. दर्ग्याच्या दिशेने दोघा-तिघांनी खिडकीतून हात जोडले.

कारंजा गाठले तेव्हा उन्हे उतरत होती. हे एके काळी वऱ्हाडातले बडे व्यापारी गाव. शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच वर्षाअखेर थेट कारंजावर आले. लूट चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली, असा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे. गुरुचरित्रामुळे मात्र हे गाव घराघरांत माहीत आहे. नृसिंह सरस्वती चौदाव्या शतकात इथे जन्मले, आईवडील अंबा आणि माधव. मुंज होईपर्यंत ओंकाराशिवाय शब्द नाही, ही कथा आमच्या बसमधल्या मुलांनाच जास्त पाठ होती. ग्रंथातले कारंजनगर ते हेच, हे टेंबे स्वामींनी सांगितले. गुरुमंदिरात संध्याकाळची आरती मिळाली.

पण मी मंडळींना आधी नेले ते काष्ठासंघाच्या जैन मंदिरात, लाकडावरचे कोरीवकाम बघायला. कारंजात भट्टारकांच्या तीन गाद्या होत्या, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. व्यापाऱ्यांच्या पैशाने पोथ्या लिहिल्या गेल्या आणि गाद्यांनी त्या सांभाळल्या. विसाव्या शतकात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी इथल्या हस्तलिखितांवरून कारंजा जैन ग्रंथमालेत ग्रंथ काढले. पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' 1933 मध्ये आले. त्याच्याआधी 1931 मध्ये प. ल. वैद्यांनी 'जसहरचरिउ' संपादित केले होते. ही काव्ये दहाव्या शतकातली, अपभ्रंश भाषेतली. प्राकृत आणि आपली आजची भाषा यांच्या मधली पायरी ती. सकाळी वाशिमला चौथ्या शतकाची खाट पाहिली होती. संध्याकाळी कारंजात त्याच भाषेचे सहाशे वर्षांनंतरचे रूप कोणत्या कपाटांत वाचले ते पाहिले. कागद, वाळवी, पावसाळा, लूट या सगळ्यांतून हे टिकले याचे कारण एकच. कोणीतरी दर वर्षी पोथ्या उन्हात घालत होते आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवत होते.

परतीच्या बसमध्ये दहावीतल्या एका मुलीने विचारले, वाशिम मग राजधानी होती तर पुस्तकात का नाही? मी सांगितले की वाकाटक आहेत, अजिंठाही आहे, वत्सगुल्म एका ओळीत आहे. "एकच?" असे ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, पण तिने शाळेच्या हस्तलिखितासाठी बोराळ्याच्या तलावावर लिहायला घेतले आहे आणि शक 380 चे 458 कसे होतात हे विचारायला ती दोनदा घरी येऊन गेली.

पोहरादेवी राहिली. बंजारा समाजाची ही काशी, सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे स्थान. नगाऱ्याच्या आकाराच्या वारसा संग्रहालयाचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 ला झाले. दर्शन घेऊन दहा मिनिटांत निघण्यासारखे ते ठिकाण नाही. आपल्या सोसायटीतल्या बंजारा कुटुंबांनी माहिती सांगायचे कबूल केले आहे, त्यामुळे त्या दिवशी मी बसमध्ये मागच्या सीटवर बसेन. रामनवमीची गर्दी टाळून पुढच्या महिन्यातला रविवार धरला आहे. नावे सेक्रेटरींकडे द्यावीत, जेवणाचे डबे ज्याचे त्याने आणावेत.