कॅमेऱ्यामागचे मन

कॅमेरा हे यंत्र. समोर असेल ते निमूटपणे टिपणारे. मग एखादे छायाचित्र पाहताना गळा का दाटून यावा? हा प्रश्न मनात आला की मला हटकून ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई आठवते. नावातला ‘कॅमेरा’ हा निव्वळ योगायोग!

बाईंचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. १८३८ मध्ये लग्नही तेथेच झाले. दहा वर्षांनी कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे आइल ऑफ वाइट बेटावर राहत असताना, १८६३ साली, लेकीने आणि जावयाने त्यांना विरंगुळा म्हणून कॅमेरा भेट दिला. तेव्हा बाईंचे वय होते ४८! त्यांनी कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. त्या काळी काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि बाईंपुढे बसणाऱ्याला कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे.

धंदेवाईक छायाचित्रकार तेव्हा खांब-पडद्यांपाशी उभ्या केलेल्या माणसाच्या कोटाची गुंडी न् गुंडी स्पष्ट दाखवीत. बाईंनी चौकट नुसत्या चेहऱ्याने भरली, आणि भिंगातून पाहताना जेथे सौंदर्य दिसले तेथेच हात थांबवला. मग रेषा धूसर राहिली तरी बेहत्तर. जाणकारांनी याला अडाणीपणा म्हटले. १८६५ साली ‘फोटोग्राफिक जर्नल’नेही कान उपटले. पण बाईंनी आधीच आपले स्नेही, खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना पत्रातून विचारले होते, की योग्य फोकस कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

त्याच हर्शेल यांचे १८६७ मधील छायाचित्र पाहावे. काळोखातून उजळलेला वृद्ध चेहरा, विस्कटलेले पांढरे केस, दूरवर लागलेले डोळे. हा माणूस कोण हे ठाऊक नसले तरी आपला आवाज आपोआप खाली येतो. बाईंच्या मनातला आदर काचेवर उतरला आणि दीडशे वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचला.

मात्र धूसरपणा म्हणजेच कला, असे मी म्हणणार नाही. राजा आर्थरच्या कथांवरून बाईंनी वेष चढवून घेतलेली चित्रे मला नाटकीच वाटतात. तेथे धूसरता आहे, पण समोरच्या माणसाविषयीचा तो ओढा नाही. फरक पडतो तो त्याने.

बाई १८७५ मध्ये सिलोनला गेल्या आणि १८७९ मध्ये तेथेच वारल्या. आज त्यांची छायाचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मानाने जपलेली आहेत.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या फोटोंची पेटी उघडेल. त्यात हसता हसता हललेल्या आत्याचा एखादा धूसर फोटोही असेल. तो टाकून देण्यापूर्वी, तो कोणी आणि किती मायेने काढला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा जरूर विचारा.