टिकलीचं स्थळ आणि एक पॉइंटर

जून १८५९. इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावात कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. तेही फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचं. त्याआधी कुत्र्याची जात म्हणजे त्याचं काम. धावतो, हुंगतो, मेंढरं वळवतो, बस्स. प्रदर्शनं सुरू झाली आणि कुत्रा काय करतो यापेक्षा कसा दिसतो याला भाव आला. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला, पाठोपाठ वंशावळीच्या नोंदवह्या आल्या. आई नोंदवहीत, बाप नोंदवहीत, तरच पिल्लू नोंदवहीत. आपल्याकडच्या पत्रिका-गोत्राच्या वर कडी म्हणायची! फरक एवढाच की आपण सगोत्र टाळतो, आणि इथे घराबाहेरचं रक्त निषिद्ध.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे आमची टिकली. फोनवर "काय ठरलं?" विचारणाऱ्या समस्त नातेवाइकांना इथेच एकदा सांगून टाकतो.

टिकली डाल्मेशियन, वय वर्षं तीन, कागदपत्रांसकट आणलेली. तिला स्थळ सांगून आलं. तोही डाल्मेशियन, तोही कागदवाला, दिसायला राजबिंडा. त्याचे मालक बोलता बोलता म्हणाले, "मूतखड्याचं ऑपरेशन दोनदा झालंय, पण आता एकदम फिट." आमच्या मातोश्रींचं मत असं, की कुत्रीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, नाहीतर तिची तब्येत बिघडते. (याला काही आधार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मातोश्रींनी ऐकून घेतलं, इतकंच.) माझ्या डोक्यात मात्र तो मूतखडा अडकून बसला.

वाचायला लागलो तर हा रोग त्या एका कुत्र्याचा नव्हताच, अख्ख्या जातीचा होता. बहुतेक प्राण्यांच्या यकृतात युरिक ॲसिडचं रूपांतर अलँटॉइन नावाच्या, पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात होतं. माणसात ते होत नाही, म्हणून आपल्याला गाऊट. डाल्मेशियनचं यकृत हे काम करू शकतं, पण युरिक ॲसिड तिथपर्यंत नीट पोचतच नाही. मूत्रपिंडही ते परत शोषून घेत नाही. मग ते लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात. नराची मूत्रनलिका अरुंद, त्यामुळे खडा अडकण्याचा धोका त्याला जास्त. वेळीच लक्षात आलं नाही तर जिवावरच बेततं. डाल्मेशियनची लघवी वेगळी आहे, हे १९१६ सालीच कळलं होतं. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं झाली!

एखाद्या कुत्र्यात दोष असणं समजू शकतो. पण नोंदवहीतल्या झाडून साऱ्या कुत्र्यांत? या दोषाच्या जनुकाजवळच ठिपक्यांशी संबंधित काहीतरी असावं, आणि ठळक, सुटे ठिपके निवडता निवडता दोषही निवडला गेला असावा, असा अंदाज आहे. नोंदवही बंद असल्याने निरोगी जनुक बाहेरून यायची वाटच उरली नाही.

ती वाट एका माणसाने उघडली. रॉबर्ट शायबल हे अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ. त्यांनी १९७३ साली एकदाच, फक्त एकदाच, डाल्मेशियनचा संकर पॉइंटरशी केला. निरोगी जनुकाची एक प्रत मिळाली तरी पुरते. त्यामुळे प्रत्येक पिढीतली निरोगी पिल्लं निवडायची आणि पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी जुळवायची. पॉइंटरचं रक्त दर पिढीला निम्मं होत जातं. पाचव्या पिढीत ते शंभरात तीनच्या आसपास राहतं.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. पण डाल्मेशियनवाल्यांच्या क्लबातून विरोध झाला आणि नोंदणी थांबली. शुद्धता जाईल, ठिपके बिघडतील, वगैरे. पुढे २००८ साली तो जनुक नेमका सापडला. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१० साली अशा कुत्रीची नोंद केली, अमेरिकेने २०११ साली दार पुन्हा उघडलं. मधली तीस वर्षं खडे होतच राहिले. मला या तीस वर्षांचा राग येतो. इलाज हातात होता, आणि वाद कशावर, तर ठिपक्यांवर!

आता टिकली. ती जुन्या वंशावळीतली, नवरदेवही जुन्याच. म्हणजे दोघांकडे निरोगी प्रत नाही. पिल्लांना हा दोष 'येऊ शकतो' असं नाही, प्रत्येकाला येणारच. प्रत्येकाला खडा होईल असं नव्हे, पण धोका साऱ्यांना. शिवाय या जातीत बहिरेपण आहेच. अमेरिकेतल्या तपासण्यांत जवळपास ३० टक्के डाल्मेशियन एका वा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. ठिपके दहा-पंधरा दिवसांनी उमटू लागतात, ते बघायचं मलाही फार मनात होतं. खोटं कशाला बोलू?

मातोश्रींना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मग त्या पॉइंटरचं स्थळ बघा की!" शास्त्र त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. पण ती पिल्लं घेणार कोण? ठिपक्यांसाठी रांग लावणारे तर नक्कीच नाहीत, आणि आमच्या दोन खोल्यांत आठ-दहा पिल्लं मावत नाहीत.

टिकलीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. नवरदेवाच्या मालकांना नकार कळवला आणि पुढे कुठे जमलं तर पिल्लं नेणाऱ्यांना त्या दोन ऑपरेशनांचं सांगा, अशी विनंती केली. त्यांनी दुसरी मुलगी आधीच पाहून ठेवली आहे म्हणे.